उदयपूरचीं तळीं आणि त्यांची पाळ

प्रवास करून आलेल्या मनुष्यास कोणीं विचारण्याची वाट पाहवत नाहीं. तो आपण होऊनच बोलूं लागतो. मी कांहीं मोठा प्रवासी नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. एका तालुक्याच्या गांवीं ३४ वर्षें प्राथमिक शाळेंत मुलें शिकविलीं, आणि नकाशावर काठी ठेवून जेवढा प्रवास होतो तेवढाच बहुधा केला. परंतु राजस्थानांतील उदयपूर हें शहर मात्र मीं दोनदां पाहिलें : एकदां तेथील तळीं आटलेलीं असतांना व एकदां भरलेलीं असतांना. नभोवाणीवर बोलण्याचें आमंत्रण आलें तेव्हां वाटलें कीं, एवढ्या भांडवलावर आपला थोडा वेळ घेण्यास हरकत नसावी.

उदयपूरचें नांव काढलें कीं डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें. निळें पाणी, त्याच्या मधोमध पांढराशुभ्र महाल, आणि मागें डोंगरांच्या रांगा. दिनदर्शिकांवर आणि चित्रपटांत हें चित्र आपण इतक्यांदां पाहिलेलें असतें कीं, प्रत्यक्ष जाणें म्हणजे केवळ खात्री करून घेणें. माझ्या पत्नीच्या माहेरीं त्या महालाचें चित्र असलेली एक दिनदर्शिका होती. वर्ष उलटून गेलें तरी ती भिंतीवरून कोणीं उतरविली नव्हती. त्या पाण्यांतून एकदां नावेनें जावें अशी तिची फार इच्छा. तिनें ती हट्टानें कधीं बोलून दाखविली नाहीं. परंतु मी विसरणार नाहीं अशा बेतानें अधूनमधून सुचविली मात्र.

अखेर २००३ सालच्या मे महिन्याच्या सुटींत आम्ही निघालों. अहमदाबादेहून उदयपुरास तेव्हां मीटरगेजची गाडी जात असे. तो मार्ग पुढें रुंद करण्यांत आला व ऑक्टोबर २०२२ पासून त्यावरून मोठ्या गाड्या धांवूं लागल्या. आमची जुनी गाडी अरवलीच्या डोंगरांत शिरली ती अशी संथ चालली कीं, रुळाकडेचीं झाडें मोजावीं. उदयपूरच्या अलीकडे जावर हें गांव लागतें. तेथील जस्ताच्या खाणी फार प्राचीन असून, मातीच्या मुशींतून ऊर्ध्वपातनानें जस्त काढण्याची विद्या तेथील कारागिरांस युरोपीयांच्या कितीतरी आधीं अवगत होती. हें मीं वर्गांत अनेकदां सांगितलें होतें. परंतु त्या दिवशीं माझें लक्ष खाणींकडे नव्हतें, डोंगरांकडे होतें. ते पिवळे व बोडके दिसत होते. २००२ सालीं पावसानें देशभर दगा दिला होता, आणि राजस्थानांत तर त्याआधींचींही कांहीं वर्षें तुटीचींच गेलीं होतीं. माझ्या मनांत त्याच वेळीं पाल चुकचुकली होती. पण मी बोललों नाहीं.

गणगौर घाटावर आम्ही सकाळीं पोंचलों. पायऱ्या होत्या, तीन कमानींचा दरवाजा होता, समोर तो पांढरा महालही होता. नव्हतें तें पाणी. तळ्याच्या बुडाचा मोठा भाग उघडा पडला होता. भेगाळलेल्या मातीवर मुलें क्रिकेट खेळत होतीं, पलीकडे गुरें चरत होतीं, आणि दूर एका हिरवट डबक्यांत दोन बगळे उभे होते. काठाशीं एक नाव कलंडून पडली होती. माझी पत्नी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मी अपराध्यासारखा उभा होतों; कारण पावसाळ्यापर्यंत न थांबतां शाळेच्या सुटींत जाण्याचें मींच ठरविलें होतें.

घाटावर एक वृद्ध गृहस्थ छत्री उघडून बसले होते. "दक्षिणेकडचे ना?" त्यांनीं हिंदींत विचारलें. मीं गांव सांगितलें, व्यवसाय सांगितला. ते म्हणाले, "तळें पाहावयास आलांत आणि तळें नाहीं, म्हणून वाईट वाटून घेऊं नका, मास्टरजी. पाल पाहून जा. पाल शाबूत असली म्हणजे पाणी येतें."

हा 'पाल' शब्द मला परका वाटला नाहीं. आपण मराठींत तळ्याची पाळ म्हणतों, तीच ही. तळ्याचें पाणी अडवून धरणारा जो बांध, तो त्यांचा पाल. श्रोतेहो, त्या वृद्धानें मला उदयपूर पाहण्याची किल्लीच दिली. पाणी असतें तर आम्ही पाण्याकडेच पाहिलें असतें. पाणी नव्हतें, म्हणून तें कोणीं, कोठें व कशासाठीं अडविलें याकडे लक्ष गेलें.

प्रथम तेथील भूमि ध्यानांत घेतली पाहिजे. उदयपूरच्या भोंवतीं डोंगरांचें कडें आहे. बशीसारख्या या प्रदेशास गिरवा म्हणतात. पाऊस वर्षास सरासरी सुमारें २५ इंच, आणि तोही बहुतेक तीन महिन्यांत पडून जाणारा. पडलेलें पाणी ओढ्यांनीं खालीं येतें व पूर्वेच्या वाटेनें निघून जातें. शहराजवळून वाहणारी आयड नदी उदयसागरांत मिळते. तेथून पुढें तिचें नांव बेडच. बेडच बनासेस, बनास चंबळेस, चंबळ यमुनेस. म्हणजे उदयपुरांतला थेंब अखेर बंगालच्या उपसागरास पोंचतो. पश्चिमेच्या डोंगरापलीकडे पडलेला थेंब मात्र साबरमतीच्या वाटेनें अरबी समुद्रास जातो. अशा पाणलोटाच्या कांठावर वसलेल्या शहरास बारमाही मोठी नदी कोठून लाभणार? आणि निसर्गानें तेथें सरोवरही दिलेलें नाहीं. आपण ज्यांस सरोवरें म्हणून वाखाणतों तीं एकूणएक माणसांनीं बांधलेलीं आहेत.

त्यांतील सर्वांत जुना पिछोला. चौदाव्या शतकांत, राणा लाखाच्या काळीं, एका बंजाऱ्यानें ही पाळ प्रथम बांधली, असें परंपरा सांगते. जवळच्या पिछोली नांवाच्या खेड्यावरून तळ्यास नांव पडलें. बंजारा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर हिंडणारा व्यापारी. आपल्याकडे ज्यांस लमाण म्हणतात तीच ही जमात. ज्याचें स्वतःचें घर पाठीवर, त्यानें दुसऱ्यांच्या घरांसाठीं पाणी अडवून ठेवावें, ही गोष्ट मला कोणत्याही राजप्रासादाहून मोठी वाटली. शहर वसलें तें त्यानंतर जवळजवळ २०० वर्षांनीं.

तें वसविलें महाराणा उदयसिंह यांनीं, १५५९ सालीं. राणा प्रतापांचे हे वडील. इतिहास यांच्यावर कृपावंत नाहीं. अकबरानें वेढा दिला तेव्हां हे चित्तोड सोडून डोंगरांत गेले, आणि १५६८ च्या फेब्रुवारींत चित्तोड पडलें. मीही वर्गांत त्यांचा उल्लेख 'चित्तोड सोडून गेलेला राणा' असा एका वाक्यांत उरकीत असें. उदयपुरांत गेल्यावर तें वाक्य मला खटकूं लागलें. सन नीट पाहा. चित्तोड पडण्याच्या आधीं आठ-नऊ वर्षें हा मनुष्य दुसरी राजधानी शोधून ठेवतो; ती मैदानांतल्या एकट्या टेकडीवर नव्हे, तर डोंगरांच्या कड्याच्या आंत. ती वसवितांना तो पिछोल्याची पाळ वाढवितो, आणि त्याच सुमारास पूर्वेस सुमारें १३ किलोमीटरवर नदीस धरण घालून उदयसागर बांधावयास घेतो. तें काम १५६५ पर्यंत चाललें. गडाच्या भिंती कितीही उंच असल्या तरी वेढ्यांत पाणी संपलें कीं गड संपतो, हें ज्यानें ओळखलें तो मनुष्य केवळ भित्रा नव्हता. त्या वर्षीं शाळा उघडल्यावर मीं तो धडा निराळ्या रीतीनें शिकविला.

राजवाडा पाहण्यास आम्ही दुपारीं गेलों. तो एका राण्यानें बांधलेला नाहीं. पिढ्यानपिढ्या वाढत गेलेल्या आपल्याकडील वाड्यासारखाच, फक्त शंभरपट मोठा. १९६९ पासून त्याचा बराच भाग संग्रहालय म्हणून लोकांस खुला आहे. मोर चौकांतील रंगीत कांचेच्या तुकड्यांचे मोर सर्वच पाहतात. मला नवल वाटलें तें अमरविलासाचें. अरुंद जिने चढत चढत आपण चौथ्या मजल्याइतके वर जातों, आणि समोर एकाएकीं बाग लागते. तींत मोठालीं झाडें व कारंज्याचा हौद. गच्चीवर इतकीं झाडें कशीं, असा प्रश्न पडतो. उत्तर असें कीं, ती गच्ची नाहींच. वाडा टेकडीस वेढून बांधला आहे आणि ही बाग टेकडीच्या माथ्यावरील मूळ जमिनीवर आहे. राजवाड्याजवळच जगन्नाथरूपी विष्णूचें जगदीश मंदिर आहे. पहिल्या जगतसिंहांनीं तें बांधविलें व १६५१ सालीं पुरें झालें. समोरची पितळी गरुडमूर्ति हात जोडून बसली आहे. ती अवश्य पाहावी.

घाटाशेजारीं बागोर की हवेली आहे. येथें मराठी मनुष्यानें क्षणभर थांबावें असें मी सुचवीन. आपण उदयपुरास जातों तें एका अभिमानानें. भोसल्यांचें कूळ मेवाडच्या शिसोद्यांचें, हें १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं शास्त्रोक्त मांडलें गेलें होतें. पेशवे बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई १७३५ सालीं यात्रेस निघाल्या तेव्हां उदयपुरास त्यांचा मोठा सन्मान झाला. पुढच्याच वर्षीं बाजीराव स्वतः आले. राण्यांनीं बरोबरीचें आसन मांडलें असतां ते त्यावर न बसतां खालीं बसले, अशी हकीकत सांगतात. येथपर्यंत ऐकण्यास गोड वाटतें. परंतु त्याच भेटींत वार्षिक खंडणी ठरली, आणि पुढें ती थकत गेली तसतसा तगादा वाढत गेला. १७६९ सालीं गादीच्या तंट्यांत एका पक्षाची बाजू घेऊन महादजी शिंद्यांनीं या शहरास वेढा घातला. दिवाण अमरचंद बडवा यांनीं कित्येक महिने शहर लढविलें, आणि शेवटीं मोठी रक्कम कबूल करून तह झाला. बागोर की हवेली ही त्या अमरचंदांनीं बांधलेली. आज तेथें पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र असून, त्या केंद्रांत राजस्थानाबरोबर आपला महाराष्ट्र व गोवाही आहेत. ज्या घराच्या धन्यानें आपल्या फौजेविरुद्ध शहर राखलें त्या घरांत आज आपणच पाहुणे म्हणून कठपुतळ्यांचा खेळ पाहतों. आपल्या पूर्वजांचा पराक्रम ज्यांना सोसावा लागला त्यांच्या अंगणांत उभें राहून इतिहास वाचला म्हणजे तो अधिक खरा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या दिवशीं आम्ही बसनें उत्तरेस ६५ किलोमीटरांवरील राजसमंद पाहून आलों. उदयपुरास जाणाऱ्या बहुतेकांच्या यादींत हें नसतें. १६६१-६२ सालीं मेवाडांत भयंकर दुष्काळ पडला. तेव्हां महाराणा राजसिंहांनीं लोकांच्या हातांस काम व पोटास अन्न मिळावें म्हणून १६६२ सालीं या सरोवराचें काम काढलें. तें १६७६ पर्यंत चाललें. पाळ संगमरवरी असून तिच्यावर कोरीव मंडप व तोरणें आहेत. नौचौकी असें त्या जागेचें नांव. तेथें २५ शिलांवर 'राजप्रशस्ति' नांवाचें संपूर्ण संस्कृत महाकाव्य कोरलेलें आहे. रणछोड भट्टांनीं रचलेल्या या काव्याचे २४ सर्ग आहेत, व मेवाडच्या घराण्याचा इतिहास त्यांत सांगितला आहे. माझें संस्कृत मॅट्रिकचें. दहा ओळींत दोनच लागल्या. परंतु अक्षरांवरून हात फिरविला तेव्हां मला निराळीच आठवण झाली.

१९७२ सालीं आमच्या भागांत दुष्काळ पडला तेव्हां मी १३ वर्षांचा होतों. माझे आईवडील पाझर तलावाच्या कामावर जात. वडील खणीत, आई पाट्या वाही, आणि मी बांधाच्या सावलींत धाकट्या बहिणीस घेऊन बसें. संध्याकाळीं आईच्या डोक्यावर चुंबळीचा वण उमटलेला असे. राजसमंदाच्या पाळीवर राजाचें नांव आहे, कवीचें नांव आहे. ज्यांनीं पाट्या वाहिल्या त्यांचीं नांवें आपणांस ठाऊक नाहींत. पण पाळ हीच त्यांची प्रशस्ति आहे, आणि ती वाचण्यास संस्कृत लागत नाहीं.

दक्षिणपूर्वेस सुमारें ५० किलोमीटरांवर जयसमंद आहे. राजसिंहांचे पुत्र जयसिंह यांनीं सतराव्या शतकाच्या अखेरीस गोमती नदीस बांध घालून तें निर्माण केलें. त्या काळच्या जगांतील मोठ्या कृत्रिम सरोवरांत त्याची गणना होते. पाळीवर संगमरवरी हत्ती रांगेनें उभे आहेत. वेळेअभावीं तें आम्ही त्या खेपेस राखून ठेवलें.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं आम्ही फत्तेसागराच्या पाळीवर जाऊन बसलों. हें तळें जयसिंहांच्या वेळचें. पण मूळची पाळ पुरानें वाहून गेली होती. महाराणा फत्तेसिंहांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती नव्यानें बांधली, म्हणून तें फत्तेसागर. आमच्यासमोर त्या दिवशीं नुसता खळगा होता. गांवचे लोक मात्र रोजच्याप्रमाणें पाळीवर फिरावयास आले होते, जणूं पाणी भरलेलेंच आहे. म्हातारीं माणसें खळग्याकडे बोट दाखवून नातवंडांस 'येथपर्यंत पाणी असतें' असें सांगत होतीं.

तें पाहून माझी पत्नी म्हणाली, "अहो, इथलें तळें आटलें आहे. आपलें आपण बुजविलें. आटलेलें भरतें तरी."

श्रोतेहो, याचा उलगडा केला पाहिजे. आमच्या गांवच्या वेशीवर एक जुनें तळें होतें. नळ आल्यावर त्याची कोणास गरज वाटेना. लोक त्यांत केरकचरा टाकूं लागले, डांस झाले, दुर्गंधि सुटली. १९९४ सालीं तें बुजवून तेथें दुकानें काढावीं असें ठरविण्यासाठीं सभा भरली. मी सभेस हजर होतों. मास्तर म्हणून लोक माझें ऐकत असत, आणि बोलावयाचें काय हेंही मला कळत होतें. परंतु चार वजनदार मंडळींचें मन कशास मोडा, असा विचार करून मी गप्प बसलों. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जाऊन मीं मुलांस पाण्याच्या संचयावरचा धडा शिकविला. तळ्याच्या जागीं दुकानें उभीं राहिलीं. पावसाळ्यांत त्या दुकानांतून पाणी शिरतें आणि उन्हाळ्यांत गांवांत टँकर येतो. माझ्या पत्नीनें 'तुम्ही' म्हटलें नाहीं, 'आपण' म्हटलें, हा तिचा चांगुलपणा.

त्यानंतर १६ वर्षांनीं, नोकरींतून निवृत्त झाल्यावर, २०१९ च्या ऑक्टोबरांत आम्ही पुन्हां गेलों. या खेपेस पाऊस चांगला झाला होता. गणगौर घाटाच्या पायऱ्यांस पाणी लागलें होतें आणि तो पांढरा महाल दिनदर्शिकेंत होता तसा पाण्यावर उभा होता. राजवाड्याखालच्या धक्क्यावरून नाव निघाली. माझ्या पत्नीनें इकडेतिकडे पाहिलें आणि म्हटलें, "तीं पोरें इथेंच खेळत होतीं ना?" नावाड्यास कांहीं कळलें नाहीं. १६ वर्षें वाट पाहिलेल्या नावेंत बसल्यावर तिला पहिली आठवण झाली ती कोरड्या तळ्याची.

पिछोल्यांत दोन मोठीं बेटें आहेत. दक्षिणेकडचें जगमंदिर. तेथील महालाचें काम राणा कर्णसिंहांनीं सुरू केलें व त्यांचे पुत्र पहिले जगतसिंह यांनीं तें पुरें केलें. बाप जहांगीराविरुद्ध बंड करून निघालेल्या शहाजादा खुर्रमास, म्हणजे पुढच्या शहाजहानास, मेवाडनें याच तळ्यावर आश्रय दिला होता. १८५७ च्या जूनमध्यें नीमच येथें बंड झालें तेव्हां तेथून पळालेल्या युरोपीय बायकामुलांस महाराणा स्वरूपसिंहांनीं याच बेटावर सुरक्षित ठेवलें. मोगल असो वा फिरंगी, शरण आलेल्यास भोंवतालच्या पाण्यानें राखलें. दुसरें बेट जगनिवास. बाजीरावांचा सत्कार करणाऱ्या दुसऱ्या जगतसिंहांनीं १७४३ ते १७४६ या काळांत तेथें महाल बांधला. १९६३ पासून तेथें हॉटेल झालें असून आपल्यासारख्यांनीं तो नावेंतूनच पाहावा. खिशास तेंच बरें.

पाण्यांतच एक लहानसा चौथरा दिसतो. त्यास नटणीचा चबुतरा म्हणतात. एका डोंबारणीनें दोरावरून चालत तळें ओलांडून दाखवावें, म्हणजे अर्धें मेवाड तिचें, असा शब्द राण्यानें दिला. ती खरोखरच पलीकडे पोंचत आली, तेव्हां दरबाऱ्यांनीं दोर कापला. ही दंतकथा होय. परंतु तिला दगडी चौथरा बांधावा असें लोकांस वाटलें, हें मात्र खरें आहे. उदयपुरांत दिलेला शब्द पाळणाऱ्यांचीं स्मारकें पुष्कळ आहेत; मोडलेल्या शब्दाचें हें एक.

फत्तेसागर या खेपेस तुडुंब होता. त्याच्या पाळीखालीं 'सहेलियों की बाडी' ही बाग आहे. दुसऱ्या संग्रामसिंहांनीं ती करविली. तेथील कारंजीं मुळांत यंत्रावर चालणारीं नव्हेत. वरच्या तळ्याच्या पाण्याचा दाब हीच त्यांची शक्ति. तळ्यांतील एका बेटावर १९७५ सालीं सौर वेधशाळा स्थापन झाली. सूर्याचा वेध घेण्यास पाण्यांत कां जावें, असें मुलें विचारतील. कारण सोपें आहे. जमीन उन्हानें तापली कीं तिच्यावरची हवा थरथरते व दुर्बिणींतील बिंब हलतें. भोंवतीं पाणी असलें कीं ती हवा पुष्कळ स्थिर राहते. पाणी अडविण्यासाठीं बांधलेलें तळें असें शास्त्रज्ञांच्याही उपयोगीं पडलें. पश्चिमेच्या डोंगरावर सज्जनगड आहे. महाराणा सज्जनसिंहांनीं १८८४ सालीं तो बांधावयास घेतला, तो पावसाचे ढग पाहण्यासाठीं. ज्या देशांत पाऊस पाहण्यासाठीं महाल बांधतात तेथें पावसाची किंमत काय असेल, हें निराळें सांगावयास नको. माथ्यावर विहीर नाहीं. छपरावरचा पाऊस हौदांत सांठवून तेथें पाण्याची सोय केलेली आहे.

मात्र भरलेलें तळें पाहून सर्व कुशल आहे असें समजूं नये. पिछोला व फत्तेसागर आजही शहरास पिण्याचें पाणी पुरवितात. कांठावर घरें वाढलीं, हॉटेलें वाढलीं, तसें सांडपाणी तळ्यांत येऊं लागलें. तें थांबविण्यासाठीं तेथील नागरिकांस कित्येक वर्षें झगडावें लागलें, व तें काम अजून संपलेलें नाहीं. पावसाचा भरंवसा नाहीं म्हणून देवास योजनेनें डोंगरापलीकडच्या खोऱ्यांतील पाणी बोगद्यांतून इकडे वळविण्यांत आलें. जानेवारी २०२५ मध्यें रामसर कराराखालीं पाणथळ जागा जपणाऱ्या शहरांच्या मालिकेंत भारतांतील पहिलीं दोन नांवें आलीं. त्यांत इंदूरबरोबर उदयपूर आहे. हा मान जुन्या राण्यांचा जेवढा, तेवढाच भांडून तळीं राखणाऱ्या आजच्या लोकांचा.

आपणांपैकीं कोणी उदयपुरास जाणार असाल तर पावसाळा संपतांच जा. मे महिन्यांत जाऊं नका, हें मी अनुभवानें सांगतों. तीन दिवस पुरतात, पण एक दिवस राजसमंदासाठीं राखून ठेवा. महाल पाहा, नावेंत बसा. मात्र त्याआधीं एकदां पाळीवर उभे राहा, पाण्याकडे पाठ करा, आणि खालीं पसरलेल्या शहराकडे पाहा. तें शहर तेथें कां आहे, हें तेवढ्यानें समजेल.

आमच्या गांवांत दुसरें एक लहान तळें अद्याप शिल्लक आहे. गेलीं कांहीं वर्षें मी व माझे जुने विद्यार्थी वैशाखांत त्यांतला गाळ काढतों. काम फार मोठें नाहीं. माझ्यानें आतां दिवसाकांठीं दहा-बारा पाट्यांहून अधिक होत नाहींत. परंतु त्या तळ्याविषयीं कोठें सभा भरली कीं मी न बोलावतां जातों, आणि बोलतों.